डोहातला महाशीर आणि वाहती नदी

केळव्याहून किनाऱ्याने दक्षिणेकडे एडवण, दातिवऱ्यापर्यंत गेले की वैतरणेची खाडी लागते. त्र्यंबकेश्वर परिसरातल्या डोंगरांत उगम पावलेली ही नदी इथे समुद्राला मिळते. खाडीत बोय आणि कोळंबी सापडते. पण याच नदीच्या वरच्या अंगाला, वाडा तालुक्यातील तिळसे येथे, महादेवाच्या देवळालगतच्या डोहात गोड्या पाण्यातला एक देखणा मासा राखला गेला आहे. तो म्हणजे महाशीर. देवाचे मासे म्हणून इथे कोणी गळ टाकत नाही. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळणकोंडीतही अशीच प्रथा आहे.

आपल्याकडच्या या महाशीराचे शास्त्रीय नाव ‘टॉर खुद्री’. कर्नल साईक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून त्याची नोंद केली आणि नाव दिले ते स्थानिक बोलीतलेच. रोहू, कटल्याच्या कुळातला हा मासा मोठ्या खवल्यांवरून ओळखू येतो. ओठ मांसल, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या. जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. त्यामुळे शेवाळ, पाण्यात पडलेली फळे, किडे, गोगलगायी असे काहीही तो खाऊ शकतो. काठावरची उंबर-जांभळासारखी झाडे त्याच्यासाठी अन्नाचे कोठारच असतात.

उन्हाळ्यात नदी आटली की महाशीर खोल डोहांचा आसरा घेतो. पावसाळ्यात पाणी चढले की तो प्रवाहाविरुद्ध वर जातो आणि गोट्या-खड्यांच्या तळावर अंडी घालतो. गोट्यांच्या फटींत अंड्यांना आडोसा मिळतो आणि खळाळत्या पाण्यातून भरपूर प्राणवायू. तळावर गाळ साचला तर अंडी गुदमरतात. शिवाय रोहू-कटल्याच्या मानाने महाशीराची अंडी कमी असतात आणि त्याची वाढही सावकाश होते. म्हणून एखाद्या हंगामात मोठे मासे मारले गेले, तर ती तूट भरून यायला अनेक वर्षे लागतात.

म्हणजे या माशाला डोह लागतो तसा वाहता पाट आणि स्वच्छ खडकाळ तळही लागतो. नेमके तेच तुटत चालले आहे. मुंबईच्या पाण्यासाठी वैतरणेवर मोडकसागर (१९५७), अप्पर वैतरणा (१९७३) आणि मध्य वैतरणा (२०१४) ही धरणे झाली. महानगराची तहान त्यांवर भागते. पण भिंत आडवी आली की माशाची वर चढण्याची वाट बंद होते आणि खालचा प्रवाह बदलतो. रेती-गोट्यांचा उपसा, सांडपाणी, सुरुंग किंवा विष वापरून केलेली मासेमारी यांनी राज्यातल्या अनेक नद्यांतून महाशीर कमी झाला.

मग पिल्ले वाढवून सोडली तर? लोणावळ्यात टाटांच्या केंद्राने १९७०च्या दशकापासून महाशीराचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले आणि लाखो पिल्ले देशभर गेली. आज जागतिक लाल यादीत ‘टॉर खुद्री’ कमी चिंतेच्या वर्गात आहे. पण या यशाला दुसरी बाजूही आहे. ही पिल्ले कावेरीत सोडल्यावर तिथे हा मासा फोफावला आणि कावेरीचा मूळचा, पाठीवर उंचवटा असलेला महाशीर मागे पडला. २०१८ मध्ये तो अतिसंकटग्रस्त ठरला. एका नदीचा मासा दुसरीत सोडणे म्हणजे संवर्धन नव्हे, हा धडा त्यातून मिळाला.

म्हणून तिळसे, वाळणकोंडीसारखे डोह मोलाचे. तिथे महाशीर आपल्याच नदीत टिकला आहे. मात्र डोहाची राखण पुरेशी नाही. धरणातून पाणी सोडताना नदीचाही वाटा ठेवणे, अंडी घालण्याच्या जागी उपसा थांबवणे आणि पहिल्या पावसात वलगणीला, म्हणजे प्रवाह चढायला निघालेल्या अंडीभरल्या माशांना वाट मोकळी ठेवणे गरजेचे आहे. भाविकांनीही डोहात प्लास्टिक आणि निर्माल्य टाकू नये. देवाच्या नावाने मासा वाचला. आता त्याची नदीही वाचायला हवी.