सावलीविना फुलदाणी

फिकट हिरव्या झिलईची एक फुलदाणी, तिच्यात कमळं आणि धान्याची भरलेली कणसं. एका देठावर दोन कमळं जोडीनं उमललेली. रेशमावरचं हे चित्र तैपेईच्या राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयात आहे. काळ १७२३, योंगझेंग सम्राटाच्या राजवटीचं पहिलं वर्ष. चित्रकार मात्र मिलानचा: ज्युझेप्पे कास्तिल्योने.

ही फुलं शोभेसाठी निवडलेली नाहीत. योंगझेंगच्या वारसाहक्काबद्दल दरबारात कुजबुज होती, भाऊ विरोधात होते. अशा वेळी शेतात जोडकणसं पिकली, राजवाड्याच्या तळ्यात जोडकमळं फुलली. म्हणजे राज्याला आभाळाचा कौल मिळाला. ते शुभशकुन एका फुलदाणीत एकत्र मांडल्याचं कास्तिल्योनेनं चित्रावरच चिनीत नोंदवलं आहे.

हा माणूस मुळात धर्मकार्यासाठी निघालेला. जन्म १६८८चा. १७०७मध्ये जेनोआत तो जेझुइट संघात दाखल झाला. १७१४मध्ये लिस्बनहून निघून, वाटेत गोव्याला थांबून, पुढच्या वर्षी मकावला पोचला. चीनमध्ये त्याला लांग शिनिंग हे नाव मिळालं आणि हाती आला तो दरबारी कुंचला. १७२४मध्ये योंगझेंगनं ख्रिस्ती धर्मप्रसारावर बंदी घातली, चित्रकाराला मात्र ठेवून घेतलं. १७६६मध्ये बीजिंगमध्ये मरेपर्यंत तो तीन सम्राटांच्या चाकरीत राहिला.

तैलरंगात चूक झाली तर वर दुसरा थर देता येतो. रेशमावर पाण्यातले रंग लावताना ती सोय नाही. एकदा टेकलेल्या कुंचल्याचा ठसा तसाच राहतो. शिवाय दरबाराला चित्रात गडद सावल्या खपत नसत. कास्तिल्योनेनं इथं काय सोडलं आणि काय राखलं, ते पाहण्यासारखं आहे. फुलदाणीच्या फुगीर अंगावर चकाकी आहे, कडांकडे रंग गडद होत जातो, तिची गोलाई हाताला जाणवावी इतकी खरी वाटते. पण तिची सावली कुठेच पडत नाही. मागे भिंत नाही, खाली टेबल नाही. रेशीम कोरंच ठेवलं आहे. वस्तू युरोपच्या रीतीनं घडवली आणि ती चिनी अवकाशात ठेवली.

पाकळ्यांपाशी हा मेळ अधिक सहज जमतो, आणि त्याला कारण आहे. बाह्यरेषा न काढता नुसत्या रंगानं फूल उभं करण्याची पद्धत चीनमध्ये आधीपासून होती. सतराव्या शतकात युन शोउपिंग या चित्रकारानं तिला नवं तेज दिलं होतं. म्हणजे छटांतून आकार घडवणारा पाश्चात्त्य हात चिनी फुलाला अगदीच परका नव्हता.

तरी समकालीन फुलचित्रकार झोऊ यीग्वी याचं मत कठोर होतं. पाश्चात्त्यांची छाया आणि अंतराची मोजमापं त्याला अचूक वाटत. भिंतीवर रंगवलेल्या महालात चालत शिरावंसं वाटतं, हेही त्यानं मान्य केलं. पण त्यांच्या कामात कुंचल्याची रीतच नाही, म्हणून ती कारागिरी, चित्रकला नव्हे, असा त्याचा निवाडा. भिंतीवरच्या महालांबद्दल हा निवाडा मला पटतो. फुलांबद्दल नाही. तैपेईतच कास्तिल्योनेचा सोळा पानांचा फुलांचा संच आहे. त्यातल्या पेओनीच्या फुलात पाकळ्यांचा रंग गडदाकडून फिकटाकडे सरकतो, तेव्हा तिथं मोजमाप दिसत नाही. दिसतो तो रेशमावर थांबायचं कुठं हे शिकलेला हात.