बिननावाचा पोशाख

१७५१ सालच्या कार्निव्हलमध्ये व्हेनिसच्या लोकांनी गेंडा पाहिला. ती मादी होती, नाव क्लारा, आणि जन्माने भारतीय. पिल्लू असताना ती बंगालमधल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्याच्या घरी वाढली. १७४१ मध्ये एका डच कप्तानाने तिला जहाजातून रॉटरडॅमला नेलं आणि मग युरोपभर फिरवलं. चित्रकार पिएत्रो लाँगी याने व्हेनिसमध्ये काढलेलं तिचं चित्र आज तिथल्याच का रेझोनिको या संग्रहालयात आहे. क्लारा चारा खातेय आणि तिच्यामागे प्रेक्षक उभे आहेत. त्यातल्या एका पुरुषाचा चेहरा पांढऱ्या मुखवट्याने झाकलाय, तर एका बाईच्या तोंडावर काळा लंबगोल मुखवटा आहे. मुखवटा-समारंभासाठी पोशाख जमवायचा असेल, तर या दोन प्रेक्षकांकडून शिकण्यासारखं खूप आहे.

आपल्याकडे अशा समारंभाचं निमंत्रण आलं की लोक आधी मुखवटा विकत घेतात. मग त्याला शोभेल असा कपाटातला एखादा चकचकीत कपडा शोधतात. व्हेनिसची रीत वेगळी होती. तिथे पोशाखाचं काम माणूस ओळखू येऊ न देणं हे होतं, आणि ते एकट्या मुखवट्याला जमत नाही. माणूस केसांवरून, खांद्यांवरून, चालीवरून आणि सगळ्यात लवकर आवाजावरून ओळखू येतो. म्हणून तिथला पोशाख डोक्यापासून पायापर्यंत एकसंध असे.

बाउताचे चार भाग

या पोशाखाला बाउता म्हणतात. त्यातला पहिला भाग म्हणजे तबारो, पाठीवरून खाली लोंबणारा, बहुतेकदा काळा, घेरदार झगा. अंगकाठी, आतले कपडे आणि त्यांची किंमत, सगळं त्याखाली झाकलं जातं. दुसरा भाग काळ्या रेशमाचा किंवा लेसचा शिरोवेश. तो डोकं, कान आणि गळा झाकून खांद्यांवर उतरतो, त्यामुळे केस दिसत नाहीत. तिसरा भाग पांढरा मुखवटा, त्याला लार्वा किंवा व्होल्तो म्हणत. चौथा भाग तीन कोपऱ्यांची काळी हॅट. ती वरून घट्ट बसली की खालचे दोन्ही भाग जागचे हलत नाहीत.

यातला मुखवटा मोठा हुशारीचा आहे. त्याचा खालचा भाग पुढे आलेला असतो आणि हनुवटीपाशी मोकळा असतो. त्यामुळे तो न काढता जेवता येतं, कॉफी पिता येते, आणि आतल्या पोकळीत आवाजही बदलतो. स्त्रिया आणि पुरुष दोघेही बाउता घालत. ज्याला ओळखता येत नाही त्याला नावाने हाक कशी मारणार? म्हणून रस्त्यात भेटलेल्या कुणालाही ‘सिओरा मास्केरा’, म्हणजे ‘मुखवटेबाई’, एवढंच म्हणायचा प्रघात होता. समोर उमराव असो की त्याचा नोकर, संबोधन तेच.

लाँगीच्या चित्रातल्या बाईचा काळा मखमली मुखवटा म्हणजे मोरेत्ता. त्याला बांधायला नाडी नाही आणि तोंडाला भोकही नाही. आतल्या बाजूला एक बटण असतं, ते दातांत धरायचं. म्हणजे मुखवटा आहे तोवर बोलणं बंद. बोलावंसं वाटलं तर आधी चेहरा दाखवावा लागे, आणि तो कुणाला दाखवायचा हे ती बाई ठरवत असे.

कायदा आणि मुखवटा

व्हेनिसमध्ये मुखवटा शौकाच्या पलीकडे गेला होता. मुखवटे घालणाऱ्यांवर निर्बंध घालणारा तिथला कायदा १२६८ इतका जुना आहे. मुखवटे बनवणाऱ्यांना १४३६ मध्ये स्वतःची नियमावली मिळाली आणि चित्रकारांच्या संघात त्यांना जागा मिळाली. अठराव्या शतकात ऑक्टोबरपासून ईस्टरआधीच्या लेंटच्या उपवासापर्यंत, मधला नाताळचा खंड सोडला तर, मुखवटा घालून हिंडायला मोकळीक असे. मात्र मुखवटा घातलेल्याला शस्त्र बाळगायला मनाई होती.

१६३८ मध्ये सरकारने सान मोइसे भागात रिदोत्तो हे जुगारगृह उघडलं. तिथे खेळायला येणाऱ्याने मुखवटा घालणं सक्तीचं होतं, आणि पत्ते वाटणाऱ्या उमरावांनी तो न घालणं सक्तीचं. पैसा ज्याच्या हातात त्याचा चेहरा उघडा, असा तो हिशेब होता. १७७४ मध्ये रिदोत्तो बंद झालं. १७९७ मध्ये नेपोलियनपुढे व्हेनिसचं प्रजासत्ताकच कोसळलं, आणि कार्निव्हलची रयाही गेली. ती परत आली थेट १९७९-८० मध्ये. व्हेनिसच्या बिएनाले या कलामहोत्सवाच्या नाट्यविभागाचे प्रमुख मॉरिझिओ स्कापारो यांनी १९८० चा नाट्योत्सव कार्निव्हलशी जोडला, आणि तरुण कारागिरांनी मुखवट्यांच्या कार्यशाळा पुन्हा सुरू केल्या.

अर्धवट पोशाखाची किंमत काय असू शकते, हे स्वीडनच्या इतिहासात दिसतं. १६ मार्च १७९२ च्या रात्री राजा तिसरा गुस्ताव स्टॉकहोमच्या ऑपेरागृहातल्या मुखवटा-नृत्याला गेला. जिवाला धोका असल्याची निनावी चिठ्ठी त्याला मिळालेली होती. मुखवटा होता, तीन कोपऱ्यांची हॅट होती, व्हेनिसच्या धाटणीचा झगाही होता. पण छातीवरचा राजसन्मानाचा तारा त्याने काढला नव्हता. मारेकऱ्यांनी त्याला ओळखलं आणि गोळी घातली. २९ मार्चला तो वारला. त्याचा त्या रात्रीचा पोशाख स्टॉकहोमच्या राजशस्त्रागार संग्रहालयात जपून ठेवलेला आहे.

घरी कसा जमवावा

मुखवटा घरी करता येतो. व्हेनिसची पद्धत कागदाच्या थरांची आहे. शाडूच्या मातीत चेहरा घडवायचा आणि त्यावर प्लास्टर ओतून साचा काढायचा. साच्याला आतून व्हॅसलीन लावायचं. मग कागदाचे भिजवलेले तुकडे खळीत बुडवून आतून एकेक थर बसवायचा. आकाशकंदिलासाठी करतो तीच मैद्याची खळ इथे चालते. नाकपुडीच्या आणि डोळ्यांच्या कडांशी कागद बोटाने नीट दाबावा, तिथेच हवा राहते. पूर्ण वाळल्याशिवाय साच्यातून काढू नये. मग डोळे कापायचे, काचपेपरने घासायचं, पांढऱ्या रंगाचा हात द्यायचा आणि शेवटी हवा तो रंग. डोळ्यांची भोकं स्वतःच्या डोळ्यांतलं अंतर मोजूनच कापावीत, नाहीतर जिना उतरताना पायरी दिसत नाही. कागदी मुखवटा हलका असतो आणि घाम थोडाफार शोषतो. प्लास्टिकचा तासाभरात नकोसा होतो. विकत घेताना उलटा करून पाहावा, आतून कागदाचे थर दिसले तर तो खरा. चष्मा असणाऱ्यांनी हनुवटीपाशी मोकळा, पुढे आलेला मुखवटा घ्यावा किंवा दांडीचा, हातात धरायचा घ्यावा.

झग्यासाठी जाड, जड पडणारं काळं कापड घ्यावं. झुळझुळीत कापड अंगाला चिकटतं आणि अंगकाठी सांगून टाकतं. डोक्यावरून काळी ओढणी मानेभोवती घेऊन पिनांनी खांद्यांवर टाचली की शिरोवेशाचं काम होतं. आणि मग गुस्तावची चूक आठवून आरशासमोर उभं राहावं. अंगठी, घड्याळ, मंगळसूत्र, रोजचं अत्तर, रोजची चप्पल, मोबाइलचं ओळखीचं कव्हर, यातलं जे जे आपलं नाव सांगतं ते काढावं किंवा झाकावं. हातमोजे घालावेत, कारण ओळखीची माणसं हात लगेच ओळखतात.

एवढी खटपट कशासाठी, तर नाव, आडनाव, हुद्दा आणि वय बाजूला पडल्यावर माणसं एकमेकांशी वेगळं वागतात म्हणून. व्हेनिसच्या उतरंडीच्या समाजाने शतकानुशतकं ही मोकळीक जपली, कारण तिची त्याला गरज होती. आपल्यालाही आहे. तेव्हा असा समारंभ ठरवलात, तर पाहुण्यांना सजावटीसाठी बक्षिसं देण्याआधी एक साधा नियम करा: दारात कुणाचं नाव पुकारायचं नाही, आणि जेवणाची पानं मांडेपर्यंत कुणी कुणाला नाव विचारायचं नाही.