हलका चित्रपट आणि चोखंदळ प्रेक्षक

खारदांड्याच्या कोळीवाड्यात होड्या किनाऱ्यास लागल्या म्हणजे मासळी निवडण्याचे काम सुरू होते. पापलेट एकीकडे, बोंबील दुसरीकडे; आणि जवळा? तो दिसण्यात अगदी क्षुल्लक; परंतु जाणती कोळीण तो टाकून देत नाही. वाळवून ठेवलेला जवळा पावसाळ्यात घरोघर उपयोगी पडतो. मोठे तेवढेच उचलणे म्हणजे निवड नव्हे, हे तिला पक्के ठाऊक असते.

चित्रपटांच्या बाबतीत सुशिक्षित घरांतून मात्र उलट प्रकार आढळतो. वर्षातून दोन-तीनच चित्रपट पाहणारा चोखंदळ गृहस्थ गंभीर चित्रपट आवर्जून निवडतो. आणि गमतीदार, मन प्रसन्न करणारा चित्रपट आला, की तो मुलाबाळांसाठी म्हणून बाजूस सारतो. ही निवड योग्य आहे काय? परेश मोकाशी यांचा २००९ सालचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा मराठी चित्रपट या प्रश्नाचा विचार करण्यास चांगला आहे.

त्याचा विषय दादासाहेब फाळके यांची खटपट हा होय. विम्याची पॉलिसी गहाण टाकून फाळके १९१२ साली लंडनला गेले व कॅमेरा घेऊन आले. चित्रपटात काम करावयास स्त्री मिळेना, म्हणून साळुंके नावाच्या तरुणास तारामती व्हावे लागले. मिशी काढावयास नट तयार होईनात. कारण ती वडील वारल्यावरच काढावयाची, अशी समजूत. सिनेमाचा धंदा लोकांना हलका वाटे, म्हणून 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत' असे सांगण्याची युक्ती निघाली. अखेर ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला.

या हकीकतीवर अश्रू ढाळविणारा चित्रपट सहज निघाला असता. मोकाशी यांनी तीच हसत सांगितली. घरातील सामान विकले जाते, हितचिंतक फाळक्यांना वेड्यांच्या इस्पितळात पोचवितात. तरी नंदू माधव यांनी उभ्या केलेल्या फाळक्यांचा उत्साह ओसरत नाही, आणि विभावरी देशपांडे यांची सरस्वतीबाई त्यांना खंबीरपणे साथ देते. येथे संकटे लपविलेली नाहीत. संकटाकडे पाहणाऱ्या माणसांची वृत्ती दाखविली आहे. अडचण नाहीच असे भासवून गोडवा आणणारा चित्रपट निराळा, आणि अडचणीतून हसू काढणारा निराळा. चोखंदळपणा हा भेद ओळखण्यात आहे.

यावर एक आक्षेप निघू शकतो. चित्रपट पहिल्या यशाच्या भरातच थांबतो. पुढे बोलपट आले, फाळके मागे पडले. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे ते विपन्नावस्थेत वारले. हे सारे वगळणे अप्रामाणिकपणाचे नव्हे काय? संपूर्ण चरित्र सांगण्याची प्रतिज्ञा असती, तर तसे म्हणता आले असते. परंतु येथे गोष्ट एका ध्यासाची आहे, आणि त्या वर्षांतील आनंद काही खोटा नव्हता. शेवट दुःखाचा झाला म्हणून आरंभीचा उल्हास पुसून टाकणे, हाही सत्याचा विपर्यासच होय.

म्हणून हलका चित्रपट निवडताना एवढेच पाहावे, की हसून झाल्यावर मनात उरते ते खरे आहे काय. खरे असेल, तर तो जवळा टोपलीत राहू द्यावा. पावसाळ्याच्या दिवसांत त्याची चव निश्चित आठवेल.