बुगाटींची काळी गाडी गेली कुठे?

बुगाटी टाइप ५७ एससी अटलांटिक या मोटारी १९३६ ते १९३८ या काळात अवघ्या चार तयार झाल्या. त्यांपैकी तीन आजही जतन करून ठेवलेल्या आहेत. चौथी, काळ्या रंगाची, दुसऱ्या महायुद्धात नाहीशी झाली. तिच्याविषयी चर्चा होते ती बहुधा किमतीची; ती बुगाटी घराण्यातील थोरल्या मुलाच्या वापरातील गाडी होती, ही गोष्ट मागेच पडते.

आजच्या फ्रान्समधील आल्सास प्रांतातील मोल्सहाइम येथे एत्तोरे बुगाटी यांनी १९०९ मध्ये कारखाना उभारला. त्याच वर्षी जन्मलेल्या ज्याँ यांनी तरुणपणीच गाड्यांच्या आरेखनाची धुरा हाती घेतली. अटलांटिक ही त्यांचीच निर्मिती. तिच्या १९३५ मधील मूळ नमुन्यासाठी मॅग्नेशियमचा मिश्रधातू वापरला होता. त्याला जोडकाम करणे अवघड असल्याने पत्रे रिव्हेट ठोकून सांधण्यात आले. पुढे गाड्या ॲल्युमिनियमच्या झाल्या, सक्ती उरली नाही. तरीही टपावरून मागेपर्यंत धावणारी ती शिवण ज्याँ यांनी कायम ठेवली. आज अटलांटिक ओळखली जाते ती तिच्यामुळेच.

११ ऑगस्ट १९३९ रोजी कारखान्याजवळच्या रस्त्यावर शर्यतीच्या एका गाडीची चाचणी घेताना समोर आलेल्या सायकलस्वाराला वाचविण्याच्या प्रयत्नात ज्याँ यांची गाडी झाडावर आदळली. त्यांचे वय तीस होते. तीन आठवड्यांत महायुद्ध पेटले. १९४० मध्ये जर्मनांनी आल्सास व्यापले आणि एत्तोरे यांना कारखाना विकणे भाग पडले. बोर्दोला हलवावयाच्या गाड्यांच्या यादीत १९४१ च्या सुमारास काळ्या अटलांटिकचा अखेरचा उल्लेख सापडतो. ती तेथे पोहोचली का, याचा पुरावा नाही. युद्धानंतर कारखाना परत मिळविण्यासाठी एत्तोरे यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. ऑगस्ट १९४७ मध्ये त्यांचेही निधन झाले. १९६३ मध्ये कंपनी हिस्पानो-सुइझाकडे गेली.

गाडी सापडल्याच्या वावड्या अधूनमधून उठतात. पण केवळ आकारावरून काहीच सिद्ध होत नाही. कुशल कारागीर तसाच सांगाडा नव्याने घडवू शकतो. खरा पुरावा म्हणजे चासीवर ठोकलेला ५७४५३ हा क्रमांक आणि इंजिनावरील खुणा. चौघींपैकी एक अटलांटिक १९५५ मध्ये रेल्वे फाटकावर आगगाडीखाली चिरडली गेली, तरी उरलेल्या भागांतून ती पुन्हा उभी करण्यात आली. काळ्या गाडीचा असा एकही तुकडा हाती नाही. युद्धकाळात ॲल्युमिनियमला केवढी मागणी होती हे ध्यानात घेतले, तर ती वितळवली गेली असण्याची शंका निराधार म्हणता येत नाही.

ती सापडलीच, तर किंमत १० कोटी युरोंच्याही पुढे जाईल, असा जाणकारांचा अंदाज आहे. मालकी कोणाची, हा तंटा मात्र अटळ दिसतो. कारण घराण्याच्या हातून गेलेले बुगाटी हे नावही त्यानंतर अनेकदा विकले गेले आहे. याच नावाच्या आजच्या कंपनीने २०१९ मध्ये हरवलेल्या गाडीच्या स्मरणार्थ ‘ला व्हात्यूर न्वार’, म्हणजे ‘काळी गाडी’, अशी एकच मोटार घडवून कर वगळता १ कोटी १० लाख युरोंना विकली. ग्राहकाचे नाव कंपनीने जाहीर केले नाही.