प्रवासी वादकाची पेटी

गाणाऱ्याचे वाद्य त्याच्या गळ्यात असते. ते घेऊन तो कोठेही जाऊ शकतो. पेटीवाल्याचे तसे नाही. त्याने सकाळी ख्रिस्तमंदिरात मिस्सा वाजवावी, दुपारी लांबच्या पाड्यावरील लग्नास जावे आणि सायंकाळी गावच्या क्रुसापुढील प्रार्थनेस हजर राहावे, असा आपल्या गावांतील वादकाचा रविवार असतो. आणि प्रत्येक ठिकाणी त्याचे वाद्य एस.टी.तून, रिक्षातून, नाहीतर कोणाच्या तरी डोक्यावरून जात असते. म्हणून "नवा कीबोर्ड कोणता घ्यावा?" असे मंडळी विचारू लागली, की त्यात किती आवाज आहेत हे आम्ही आधी विचारीत नाही. तो उचलणार कोण, हे विचारतो.

ह्या प्रश्नाचे एक फार सुंदर उत्तर आपल्या देशात पूर्वीच देऊन झाले आहे. फ्रान्समध्ये अलेक्झांडर दबँ ह्यांनी १८४० च्या सुमारास जे हार्मोनियम सिद्ध केले, ते पायांनी भाता हाणण्याचे, टेबलाएवढे वाद्य होते. साहेबांबरोबर आणि मिशनऱ्यांबरोबर ते हिंदुस्थानात आले व मराठीत पायपेटी म्हणून ओळखले जाऊ लागले. बैठकीवर मांडी घालून बसणाऱ्या वादकास ही पायपेटी अडचणीची. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष, ज्यांची 'द्वारकिन' ही पेढी १८७५ साली निघाली, त्यांनी तिला बैठकीवर आणले. खालचा सारा सांगाडा गेला आणि भाता पाठीमागे बसला. तो आता हाणावयाचा कशाने? डाव्या हाताने. युरोपीय संगीतात डावा हात कधी रिकामा नसतो. खालच्या सुरांचा मेळ त्यानेच धरावयाचा. आपले गाणे मात्र एका सुरामागून दुसरा सूर असे चालते आणि त्यास उजवा हात पुरतो. वाद्य हलके करताना जे टाकले, त्यावाचून आपल्या गाण्याचे काहीच अडले नाही. हातपेटी टिकली ती ह्यामुळे, नुसत्या आकारामुळे नव्हे.

बडोद्याच्या इतिहासात ह्या पेटीची दोन्ही रूपे पाहावयास मिळतात. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष ह्यांनी तेथे १८८६ साली गायनशाळा काढली. पुढे तिचाच विस्तार होत आज ती महाराजा सयाजीराव विद्यापीठाची एक विद्याशाखा झाली आहे. मौलाबक्षांचे नातू इनायत खाँ पुढे पाश्चात्य देशांत सूफी उपदेशक म्हणून प्रसिद्धीस आले. त्यांनी तरुणपणी बडोद्यात असताना हार्मोनियम शिकविणारे पुस्तक लिहिले होते. पेटी घरोघर जाऊ लागल्याची ही खूणच म्हणावयाची.

त्याच बडोद्यात मार्च १९१६ मध्ये पंडित भातखंडे ह्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सिव्हिल सर्व्हिसमधील क्लेमंट्स हे आपली श्रुती-हार्मोनियम घेऊन तेथे आले होते. साध्या पेटीचे बारा सूर ठराविक असतात आणि आपल्या गायनातील बारीक श्रुती त्यांत सापडत नाहीत, हा आक्षेप जुना आहे व खराही आहे. ह्याच कारणास्तव आकाशवाणीने १९४० साली पेटीस दार बंद केले, ते १९७१ मध्ये किलकिले झाले. देवल-क्लेमंट्स ह्यांनी बावीस श्रुतींसाठी पेटीत जास्तीचे सूर बसविले. परंतु परिषदेत ती पेटी मान्य झाली नाही व पुढे प्रचारातही आली नाही. विद्वत्तेविषयी आम्हांस नितांत आदर आहे. तरी असे वाटते, की गायकाची श्रुती रागागणिक सरकते आणि तिचा पाठलाग पट्ट्या वाढवून होत नाही. घोषबाबूंनी वजा केले, देवलांनी मिळविले. गावोगाव गेली ती वजा केलेली पेटी.

आता विजेच्या कीबोर्डाकडे वळू. त्याच्या पोटात भाता नाही आणि पितळी सूरही नाहीत; खऱ्या वाद्यांचे आवाज टिपून साठविलेले असतात. वर्कस्टेशन म्हणतात त्यात तर एकामागून एक वाद्य भरून संपूर्ण वाद्यवृंद उभा करता येतो. १९८८ सालच्या कॉर्ग एम-वन ह्या यंत्राने ही पद्धत जगभर रूढ केली. पण पियानोच्या मापाची पांढरी पट्टी सुमारे साडेतेवीस मिलिमीटर रुंद असते. अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांना सव्वा मीटर लांबी लागते, एकसष्टांना पाऊण मीटरहून अधिक, एकोणपन्नासांना अडुसष्ट सेंटिमीटर. ह्याहून लहान करण्यासाठी कित्येक कारखानदार पट्ट्याच अरुंद करतात. हे आम्हांस मुळीच पसंत नाही. अशा पट्ट्यांवर शिकलेला मुलगा ख्रिस्तमंदिरातील ऑर्गनवर बसला, की त्याचे प्रत्येक बोट शेजारच्या सुरावर पडते. पट्ट्या कमी असाव्यात, पण पूर्ण मापाच्या असाव्यात. चार सप्तके, म्हणजे एकोणपन्नास पट्ट्या, आपल्या भक्तिगीतांस पुरे होतात. डाव्या हातालाही जागा उरते, कारण आपल्या गायकवृंदास चार आवाजांत गाण्याची सवय आहे.

सूर बदलण्याची सोय मात्र अवश्य हवी. बायका काळी चारमध्ये गातात, पुरुष काळी एकमध्ये. एका कळीने सारे सूर वरखाली व्हावेत. ही कळ हाताला न पाहता लागावी, पडद्यावरील यादीत शोधावी लागू नये. अर्पणगीत सुरू होताना वादक डोळे बारीक करून यादी वाचीत बसला आहे, हे दृश्य कोणी पाहिले नाही?

आपोआप ठेका देणाऱ्या कळीविषयी आमचे मत अधिक कडक आहे. रोमहून १९५८ साली निघालेल्या पवित्र संगीतविषयक आदेशाने उपासनेत स्वयंचलित वाद्यांस मनाई केली होती. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ मध्ये पाइप ऑर्गनचा मान राखून इतर योग्य वाद्यांसही वाट करून दिली. पण वाद्य वाजविणारा माणूस असतो, हे त्यातही गृहीतच आहे. यंत्राने ठेका धरला, की घुमटवाला नि ढोलकीवाला आधी मागच्या बाकावर जातात आणि पुढे येईनासेच होतात. पाड्यावरील म्हातारी कडवे जरा लांबविते. माणूस तिच्यासाठी थांबतो, यंत्र थांबत नाही.

दुरुस्तीत जुनी पेटी अजूनही सरस आहे. सूर उतरला तर कारागीर पितळी जिभेचे टोक कानशीने किंचित घासतो, चढला तर मुळाशी घासतो. गुजरातेत पालिताण्यास हे सूर अद्याप बनतात. कीबोर्डाच्या पट्टीखालच्या रबरात समुद्राकडील दमट हवा आणि धूळ शिरली, की शहर गाठावे लागते. तेव्हा विकत घेतानाच मागील झाकण साध्या स्क्रूंनी उघडते की नाही, बाजारात सहज मिळणाऱ्या सेलांवर ते चालते की नाही आणि त्याचा कर्णा बाहेरच्या पेटीवाचून अंगणभर ऐकू जातो की नाही, हे दुकानातच वाजवून पाहावे. बरोबर वादकास न्यावे. आणि शक्य तर पावसाळ्यात ते वाद्य खांद्यावरून वाहणाऱ्या मुलासही.