आधी गरज, मग विस्तार
इंटरनेटवरील नवोद्योगांचे काही धडे

दुकान थाटणे आणि दुकान चालविणे ह्या दोन वेगळ्या विद्या आहेत, हे पेठेतील जुन्या व्यापाऱ्यास सांगावे लागत नाही. इंटरनेटवर मात्र हा भेद चटकन ध्यानात येत नाही. तेथे जागेची पागडी द्यावी लागत नाही, फळ्या-कपाटे करवून घ्यावी लागत नाहीत. थोडक्या दिवसांत संकेतस्थळ उभे राहते आणि ते उभे राहिले म्हणजे धंदाही उभा राहिला, असा समज होतो. चालती नोकरी सोडून आणि प्रसंगी वडिलांची आयुष्यभराची शिल्लक घालून असा उद्योग काढणाऱ्या तरुणास हा समज फार महाग पडू शकतो. म्हणून ज्यांचे उद्योग वाढले, त्यांनी आरंभी काय केले हे पाहणे अगत्याचे आहे.

पहिले उदाहरण हैदराबादच्या वाटेवरचेच आहे. 2005 सालच्या दिवाळीत बंगळूर येथे नोकरी करणारे फणींद्र सामा ह्यांना हैदराबादला जाण्यासाठी बसचे तिकीट मिळाले नाही. सणावारी घरी जाऊ पाहणाऱ्यास हा अनुभव नवा नाही. सामा ह्यांनी मात्र त्याचे कारण शोधले. कोणत्या गाडीत किती जागा रिकाम्या आहेत, हे कोणाही एका दलालास ठाऊक नसे. सारा व्यवहार दूरध्वनीवर आणि वहीत चाले. मित्रांच्या साहाय्याने त्यांनी बसमालकांसाठी एक संगणकीय व्यवस्था तयार केली, परंतु मालकांनी तिच्यात फारसा रस दाखविला नाही. तेव्हा त्यांनी मालकांकडून मोजक्या जागा मागून घेतल्या व त्या स्वतःच इंटरनेटवर विकून दाखविल्या. 2006 साली निघालेली ‘रेडबस’ अशी वाढली. 2013 साली आयबिबो समूहाने ती विकत घेतली. वस्तू कितीही चांगली असली तरी तिचा उपयोग गिऱ्हाइकास स्वतः करून दाखवावा लागतो, हा ह्यातील पहिला धडा.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील आहे. ऑक्टोबर 2007 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे ब्रायन चेस्की व जो गेबिया ह्या दोघा तरुणांना घरभाडे भागविणे कठीण झाले होते. शहरात परिषद भरल्यामुळे हॉटेलांतील खोल्या भरून गेल्या होत्या. दोघांनी हवा भरावयाच्या गाद्या घरात अंथरून तीन पाहुणे ठेवून घेतले. ‘एअरबीएनबी’चा उगम हा असा आहे. पुढे नेथन ब्लेचार्झिक त्यांना मिळाले, तरी बराच काळ उत्पन्न नाममात्रच होते. 2009 साली पॉल ग्रॅहम ह्या अनुभवी मार्गदर्शकाने त्यांना सल्ला दिला, की घरे भाड्याने देणारी मंडळी न्यूयॉर्कमध्ये आहेत, तर तुम्हीही तेथे जा. ते गेले, घरोघर बसले, बोलले. घरांची छायाचित्रे अगदी सुमार असल्याने कोणी जागा राखून ठेवीत नाही, हे तेथे उमगले. त्यांनी कॅमेरा घेऊन स्वतः चांगली छायाचित्रे काढली आणि आठवड्याचे उत्पन्न लवकरच दुप्पट झाले. लाखो लोकांसाठी हे काम अशा रीतीने करता येणार नाही, हे खरे. परंतु लाखांसाठी नेमके काय करावयाचे, हे पहिल्या पंचवीस-तीस घरांतच कळते.

तिसरा धडा हट्ट सोडण्याचा. कॅनडातील स्टुअर्ट बटरफील्ड व कॅटरिना फेक ह्यांच्या संस्थेने इंटरनेटवरील एक खेळ रचावयास घेतला होता. तो पुरा झाला नाही. पण त्या कामातूनच छायाचित्रे सर्वांना दाखविण्याची ‘फ्लिकर’ ही सेवा 2004 साली निघाली व 2005 साली याहूने ती घेतली. बटरफील्ड ह्यांनी पुन्हा खेळच काढला. तोही 2012 साली बंद करावा लागला. त्या वेळी सहकाऱ्यांनी आपसांत निरोप देण्यासाठी केलेले साधन हाती उरले होते. त्यातून ‘स्लॅक’ जन्मास आले आणि 2021 साली सेल्सफोर्सने ते विकत घेतले. मूळ कल्पना फसली; पण लोकांना खरोखर काय हवे आहे, ह्यावरची नजर ढळली नाही.

ह्याच्या उलट ‘वेबव्हॅन’चा वृत्तान्त आहे. किराणा घरपोच देण्याचे काम ह्या अमेरिकन कंपनीने 1999 साली सुरू केले. एका शहरात जम बसण्यापूर्वीच अनेक शहरांत प्रचंड कोठारे बांधण्यासाठी तिने सुमारे 1 अब्ज डॉलरांचा करार केला. कोठारे पुरेशी भरून चालतील एवढ्या मागण्या आल्याच नाहीत. जुलै 2001 मध्ये कंपनी बुडाली व सुमारे 2,000 माणसांची नोकरी गेली. आधी कळस मग पाया, अशी ही रीत होती.

येथे साधा हिशेब उपयोगी पडतो. एका मागणीवर 30 रुपये सुटत असतील आणि ती पोचविण्यास 40 रुपये लागत असतील, तर दहा मागण्यांवर 100 रुपयांचा व हजार मागण्यांवर 10,000 रुपयांचा तोटा होतो. अशा धंद्यात वाढ म्हणजे तोट्याचीच वाढ. ‘ॲमेझॉन’नेही प्रारंभीची अनेक वर्षे तोटा सोसला, संपूर्ण वर्षाचा पहिला नफा तिला 2003 साली दिसला. परंतु तेथे गिऱ्हाइकाचे पैसे आधी हाती येत आणि पुरवठादाराचे देणे मागाहून फिटे. त्यामुळे रोजच्या व्यवहारास लागणारा पैसा बराचसा व्यवहारातूनच उभा राही. तोटा पाहताना तो कशापायी होतो, हे म्हणूनच तपासावे लागते.

सारांश, वडिलांची शिल्लक मोडण्यापूर्वी तरुणाने तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर मांडावीत. ही गरज कोणाची आहे? त्यांपैकी किती जणांना तो प्रत्यक्ष भेटला? आणि एका विक्रीमागे हाती काय उरते? उत्तरे समाधानकारक असतील तर भांडवल कामी येते. नसतील तर तेच भांडवल चूक मोठी करण्यास कारण होते. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे घरातील वडीलधारी सांगत आली, ते इंटरनेटच्या पेठेतही तितकेच खरे आहे.