ओल नको, थंडी चालेल

धाकट्या बहिणीला म्हसवडला फोन करून सांगितलं, की इथे डेन्व्हरला माझ्या अंगणात घायपात आहे आणि हिवाळ्यात तिच्यावर बर्फ पडतो. ती म्हणाली, "दादा, बांधावरची घायपात कुणी अंगणात लावतं होय? आन् बर्फात ती जगंल कशी?" पहिल्या प्रश्नाला उत्तर नाही; हौस म्हणायची. दुसऱ्याचं मात्र आहे. रस्त्यांवरच्या पाण्याचा निचरा करण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे ते जरा लांबवून सांगण्याचा मला हक्क आहे असं मी समजतो.

आपल्याकडे बांधाला आणि रेल्वेच्या कडेला दिसते ती घायपात उबदार मुलखातली. इथल्या पहिल्याच हिवाळ्यात तिचा लगदा होईल. पण घायपातीच्या, म्हणजे अगेव्हच्या, कुळात दोनशेच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतल्या काही डोंगराळ भागातल्या. पॅरिआय ही अरिझोना, न्यू मेक्सिको आणि उत्तर मेक्सिकोच्या उंच उतारांवरची. तिचीच भावकी नेओमेक्सिकाना. मेस्कलेरो अपाची लोक हिचे गड्डे जमिनीतल्या खड्ड्यात तापलेल्या दगडांवर भाजून खात. त्या भाजलेल्या गड्ड्यांना 'मेस्कल' म्हणतात, त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं. युटाहेन्सिस ग्रँड कॅन्यनच्या कपारींतली, अंगाने लहान. यांतल्या पहिल्या दोघी, जागा कोरडी असेल तर, उणे २५ अंश सेल्सिअसच्याही खाली तग धरतात.

हे जमतं कसं? थंडी हळूहळू वाढत गेली, की हे झाड अंगातलं पाणी कमी करतं. पानं किंचित सुरकुततात, पेशींमधला रस दाट होतो आणि दाट रस लवकर गोठत नाही. बर्फ धरलाच तर तो आधी पेशींच्या बाहेरच्या फटींत धरतो. पेशी आक्रसतात, फुटत नाहीत. याला तयारीचे काही आठवडे लागतात. म्हणून ऑक्टोबरातली अचानक आलेली थंडी जानेवारीतल्या तेवढ्याच थंडीपेक्षा वाईट.

डिसेंबर २०२२ मध्ये डेन्व्हरच्या विमानतळावर तासाभरात तापमान वीस अंशांनी कोसळलं आणि पुढे उणे ३१ पर्यंत गेलं. माझ्या पॅरिआयची बाहेरची पानं तपकिरी पडली, गाभा हिरवा राहिला. त्याच सुमारास न्यू जर्सीतल्या एका मित्राची पॅरिआय कुजून गेली. आमच्याहून कितीतरी सौम्य थंडीत! फरक पाण्याचा. डेन्व्हरला वर्षाकाठी सुमारे ३६ सेंटिमीटर पाऊस-बर्फ मिळून पडतो, म्हणजे आमच्या माण तालुक्याहूनही कमी. न्यू जर्सीत तो शंभराच्या वर जातो आणि हिवाळाभर माती ओली राहते. ओल्या मातीत पानं खोडाला मिळतात तिथेच कूज लागते. रोपाबरोबरच्या चिठ्ठीवर थंडीचा 'झोन' छापलेला असतो. तो जिथल्या तिथल्या वर्षातल्या नीचांकी तापमानांच्या सरासरीवरून ठरतो. ओलीबद्दल त्यात अक्षर नाही. त्या चिठ्ठीवर मी अर्धाच विश्वास ठेवतो.

आता जागा. इथे बहुतेक लोक चिकणमातीत मोठा खड्डा घेतात, त्यात खडी भरतात आणि निचरा झाला म्हणून हात झटकतात. हा निचरा नव्हे, ही विहीर झाली. भोवतालची माती पाणी सोडत नाही, त्यामुळे आजूबाजूचं सगळं पाणी त्या खडीत येऊन बसतं. खाली जाऊ नका, वर या. जमिनीवर गुडघाभर उंच ढीग करा: दोन भाग कच किंवा जाडी भरड वाळू, एक भाग तिथलीच माती. शेणखत, कंपोस्ट काही नको. मुरमाड माळावर उगवलेली घायपात ज्याने पाहिली आहे, त्याला हे सांगावं लागू नये. ढिगाचा उतार दक्षिणेकडे ठेवा, कारण हिवाळ्यातला सूर्य त्याच बाजूला खाली असतो. पाठीशी एखादा मोठा दगड असला तर उत्तम. दिवसाची ऊब तो रात्री सोडतो. रोप लावताना त्याचा गळा मातीच्या वर राहू द्या आणि भोवती दोन-तीन बोटं खडी पसरा. नर्सरीतल्या कुंडीतलं पीट मुळांवरून धुऊन टाका, नाहीतर ते ओल्या स्पंजासारखं वर्षभर बुडाशी बसतं.

भिंतीलगत लावायचं असेल तर पागोळ्या कुठे पडतात ते आधी पाहा. झाड पागोळ्यांच्या आत असावं किंवा चांगलं बाहेर, नेमकं रेषेवर कधीच नको. दिवसा वितळलेलं पाणी गाभ्यात साचून रात्री गोठलं, की खेळ खलास. भुसभुशीत कोरड्या बर्फाची मात्र भीती नाही. तो उलट पांघरूण होतो. प्लॅस्टिक गुंडाळू नका, आत घाम धरतो. पावसाळी हिवाळ्याच्या गावी चार खुंटांवर पारदर्शक पत्रा टाकून बाजू मोकळ्या सोडलेल्या बऱ्या.

लावणी मे अखेरीस करावी, म्हणजे मुळांना पूर्ण उन्हाळा मिळतो. उन्हाळ्यात पाणी घालायला कचरू नये. अरिझोनात जुलै ते सप्टेंबर पाऊस येतो आणि तिथले लोकही त्याला मान्सूनच म्हणतात. ही झाडं त्यावरच वाढलेली. सप्टेंबरपासून पाणी बंद.

पानांची टोकं डोळ्यांच्या उंचीला नसली तरी लहान मुलांच्या असतात, म्हणून वाटेपासून लांब लावा. रस अंगावर उडाला तर खाज सुटते. छाटताना हातमोजे आणि चष्मा हवाच. बुंध्याशी मुनवे फुटतात. ते वाटायला बरे, कारण मूळ झाड बऱ्याच वर्षांनी एकदाच फुलोऱ्याचा दांडा सोडतं आणि मरतं.

हिवाळ्यानंतर घाई नको. एप्रिलमध्ये झाड मेल्यासारखं दिसतं. गाभ्याचं मधलं पान हलकेच ओढून पाहा: घट्ट असेल तर थांबा, सुटून हातात आलं आणि वास आला तर उपटा.

पहिलं रोप घेणाऱ्याने पॅरिआय किंवा नेओमेक्सिकाना घ्यावी. नॉर्थ कॅरोलायनाकडच्या लोकांनी ओव्हाटिफोलिया पाहावी. मेक्सिकोच्या नुएव्हो लिओनमधली ही निळसर, रुंद पानांची जात शास्त्रीय नाव मिळून २००२ साली नोंदली गेली. थंडी तिला पॅरिआयएवढी सोसत नाही, पण दमट हवेत ती जास्त टिकते. मोठ्या दुकानांत पिवळ्या काठाची, दिसायला झोकदार अगेव्ह मिळते. ती अमेरिकाना. उणे दहाच्या आसपास तिचं काम संपतं, तेव्हा डेन्व्हरात ती कुंडीतच ठेवा आणि हिवाळ्यात गॅरेजमध्ये न्या.